तणसाची वगार

नव्या तणसाला पहिले काही दिवस गोडसर वास असतो. धान चुरून म्हणजे मळून झाले, दाणा घरात गेला की मागे उरते ते तणस. दिवाळीनंतर साकोलीहून एकोडीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्याचे पिवळे ढीग दिसू लागतात. आता धानाच्या बऱ्याच बांध्यांत कापणीचे यंत्र फिरते, तणस तिथेच तुकडे होऊन पडते आणि ढीग कमी झाले आहेत. वास मात्र तोच आहे. या दिवसांत खिडकी उघडी ठेवून एसटीने जाणाऱ्या कुणाला त्या वासाने आजोळ आठवत असेल, कुणाला बैल. आमच्या घरातल्या माणसांना एक वगार आठवते.

वगार म्हणजे म्हशीचे मादी पिल्लू. आमची ही वगार जिवंत नव्हती.

यंदा ती आठवण जरा आधीच आली. धाकटी बहीण शेवंता साकोलीला असते. दिवाळीच्या साफसफाईत तिच्या सुनेने नातीचा कापडी हत्ती टाकायला काढला. हत्तीचा एक कान चघळून चिंधी झालेला, सोंडेतला कापूस बाहेर आलेला, रंग ओळखू न येणारा. मुलगी अंगणात खेळत होती. तिला कळायच्या आत काम उरकावे, असा सुनेचा विचार. शेवंताने हत्ती कचऱ्याच्या टोपलीतून काढून पुन्हा पलंगावर ठेवला. फोनवर ती एवढेच म्हणाली, "टाकाचा असन तं टाका, पन तिले पुसून टाका. आपल्याले कोणी न पुसता काही केलं होतं का?"

नव्हते केले. हा लेख त्याबद्दल आहे.

सत्तरचे दशक संपत आले होते. एकोडीतले आमचे घर मातीचे, कौलारू. समोर अंगण, एका बाजूला गुरांचा कोठा, आणि कोठा व घर यांच्यामध्ये सपरी, म्हणजे तीन बाजूंनी उघडी पडवी. घरात बाबा, माय, बाबांची विधवा बहीण म्हणजे आत्या आणि आम्ही मुले. शेवंता तेव्हा चार वर्षांची. कोठ्यात बैलजोडी आणि कारी नावाची म्हैस. काळी ती कारी. आमच्याकडे अनेक शब्दांतल्या 'ळ'चा 'र' होतो.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास दोन बाळंतपणे झाली. आधी कारी व्याली, तिला बुधवारी वगार झाली. मग मायला मुलगा झाला. मायचे बाळंतपण जड गेले. ताप उतरेना, अंगावर दूध येईना. डॉक्टरांनी तिला उठू नको म्हणून सांगितले आणि बाळाला म्हशीचे दूध पाणी घालून, उकळून द्यायला सांगितले. त्यामुळे त्या पावसाळ्यात घराचे सगळे लक्ष कारीच्या कासेकडे लागलेले होते.

आणि वगारीला हगवण लागली. पाला, काढा, मंत्र, सगळे झाले. पितृपक्षात ती मेली.

गाय पिल्लाशिवाय एखादवेळ दूध देते. म्हैस हट्टी असते. पिल्लू तोंडापुढे नसेल तर ती पान्हा आवरून धरते, आणि मग कुणी कितीही कास ओढो, दुधाच्या गंजात थेंब पडत नाही. यावर गावोगाव चालत आलेला एक उपाय होता. मेलेल्या वगारीचे कातडे काढून, मीठ-राख लावून वाळवायचे, त्यात तणस भरायचे, पायांच्या जागी बांबूच्या काड्या घालायच्या आणि दूध काढताना ते म्हशीच्या तोंडापुढे उभे करायचे. म्हैस वास घेते, चाटू लागते, आणि पान्हा सोडते. गावातले झिंगरूबाबा हे काम करून देत. त्यांनी वगार भरून आणली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या जागी दोन-दोन टाके होते. त्यामुळे ती कायम झोपलेली दिसे.

शेवंताच्या मते ती झोपलेलीच होती. तिने तिचे नाव बुधी ठेवले.

जिवंत असताना त्या पिल्लाकडे शेवंताने फारसे लक्ष दिल्याचे कुणाला आठवत नाही. तेव्हा तिची जागा मायच्या कुशीत होती. आता त्या कुशीत बाळ होते, आणि खोलीच्या दाराशी "हळू, हळू" म्हणणारे कुणीतरी सतत उभे असे. शेवंता रडली नाही. ती आपली छोटी गोधडी ओढत सपरीत आली आणि बुधीच्या शेजारी पसरून झोपली. दुपारी झोपली, मग रात्रीही तिथेच झोपू लागली. आत्याने स्वतःचे अंथरूणही सपरीत आणले.

नियम ठरले. बुधी सपरी ओलांडून घरात यायची नाही. स्वयंपाकघरात जाण्याआधी हातपाय धुवायचे. सकाळ-संध्याकाळ दूध काढायच्या वेळी बुधी कारीची. बाकी वेळ शेवंताची. ही वाटणी दोघींनाही मान्य झाली. कारी चाटून झाली की शेवंता ओली बुधी काखेत धरून परत न्यायची, आणि तिच्या मानेवरचे ओलसर केस गोधडीने पुसायची.

शेजारच्या पारबताकाकूंना हे पाहवेना.

"काहून वं बाई, मेल्या जनावराचं कातडं, अन् लेकरू त्याच्या गऱ्यात हात टाकून झोपते? तुमाले काही वाटते का नाही?"

"वाटते ना," आत्या म्हणाली. "थंडी वाटते. म्हनून मीबी तिच्याजवर झोपतो."

"ह्या घरी म्हैस येडी का टुरी येडी, काही समजत नाही."

"म्हैस येडी असन तं आमचं भागते काकू. शहानी झाली का बाळ उपाशी."

काकू हसत गेल्या. जाताना त्यांनीही बुधीच्या पाठीवरची माशी हाकलली, हे शेवंताने पाहून ठेवले आणि सगळ्यांना सांगितले.

त्या ऋतूतल्या काही गोष्टी अजून जशाच्या तशा आठवतात. तलावावरून सकाळी उठणारे धुके. उकडलेल्या शिंगाड्यांनी काळी पडलेली बोटे. हलके धान आधी पिकते, त्याच्या कापणीला निघालेल्या बायकांच्या इळ्यांचा एकमेकांवर घासल्याचा आवाज. भारी धान अजून हिरवट उभे, त्याच्या बुडाशी लाखोरी डाळीचे कोवळे कोंब. खोलीतून येणारा शेपांच्या धुरीचा वास आणि बाळाच्या तेलाचा वास. यात मायचा आवाज कुठे नाही. ती बोलत असणार, पण इतके हळू की सपरीपर्यंत येत नव्हते.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, मिठाई, रात्री दंडारीचे नाटक. बाबा मंडईला गेले आणि येताना शेवंतासाठी कापडी ससा घेऊन आले. लाकडाचा भुसा भरलेला, पांढऱ्या कापडाचा, लाल मण्यांच्या डोळ्यांचा. असे खेळणे तोपर्यंत घरात आलेले नव्हते. मोठ्या मुलांना त्याचा हेवा वाटला. बाबांच्या मनात काय होते ते उघड होते: सशाचा लळा लागला तर वगारीचा सुटेल.

शेवंताने ससा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. मग सरळ कोठ्यात गेली आणि तो कारीच्या नाकापुढे धरला. कारीने वास घेतला. फुर्र करून जोरात श्वास सोडला आणि तोंड गव्हाणीत घातले.

"हे खोटं हाय," शेवंताने ससा बाबांच्या हातात परत दिला.

बाबांनी सशाचे कान सरळ केले. "अन् बुधी खरी?"

"कारी चाटते ना तिले."

ससा मोठ्या मुलांच्या वाट्याला आला. मुलीच्या मनाशी एक कसोटी पक्की झालेली होती: कारी जे चाटते ते खरे. या कसोटीने लवकरच घराला अडचणीत आणले.

आश्विनातल्या अवकाळी पावसाने सपरीत ओल आली होती. बुधीच्या पोटातले जुने तणस दमट होऊन दबले, पोट लोंबू लागले, शिवणीतून बारीक किडे निघू लागले. असेच राहिले तर कातडे कुजले असते. झिंगरूबाबा लेकीच्या गावी गेलेले. तेव्हा आत्याने आणि बाबांनी स्वतःच तणस बदलायचे ठरवले. आत्या आधी शेवंताजवळ जाऊन बसली.

"शेवू, बुधीचं पोट खराब झालं. जुनं तणस काढून नवं भराव लागन."

"दुखन तिले?"

"नाही दुखत."

"मी डोस्कं धरीन."

डोके तिनेच धरले. शिवण उसवली, काळे पडलेले तणस निघाले, आणि रिकामे कातडे दोरीवर टाकले गेले. शेवंता त्याखाली बसून राहिली. आत्याने आतून राख आणि कडुनिंबाच्या पाल्याची पूड चोळली, दिवसभर ऊन दिले. जुने तणस पेटवून दिले.

याच वेळी हलक्या धानाची चुरणी झाली होती. नव्या पिकातला पहिला वाटा देवाला, मग घरच्यांना, मग गुरांना, अशी घराची रीत. बाबांनी ढिगातले सर्वांत स्वच्छ, सर्वांत पिवळे, सर्वांत नवे तणस निवडून आणले. त्यात हौस होती. बुधी टुमदार झाली. पोट गोल, पाठ ताठ. मान जरा जास्तच भरली गेली आणि डोके किंचित वर उचलले गेले. सगळ्यांना ती आवडली. पण पाहणारे आणि हुंगणारे यांत फरक असतो, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आले नाही.

संध्याकाळी आत्या गंज घेऊन बसली. बाबांनी बुधी पुढे धरली. कारीने नाक लावले, थांबली, पुन्हा लावले. मग मागे सरली, पाय झाडला आणि गंज लवंडला. तिला बुधीतून नव्या धानाचा, राखेचा, कडुनिंबाचा वास आला असावा. वगारीचा वास जुन्या तणसाबरोबर जळून गेला होता.

"अवं, बुधीच आहे थे," आत्या कारीला समजावू लागली. बुधीच्या अंगाला मीठ चोळले. कारीला कोंडा दिला. कारीने कोंडा खाल्ला, मीठ चाटले नाही आणि पान्हाही सोडला नाही.

शेवंता दाराशी उभी होती. "ही बुधी नाही."

"तुह्या समोरच तं भरली, बेटा. तूच तं डोस्कं धरलं होतं."

"कारी नाही म्हनते."

त्या रात्री शेवंता सपरीतच झोपली, पण बुधीकडे पाठ करून, गोधडी डोक्यावरून घेऊन. आत बाळ रडत होते. पहाटे बाबा सायकलने साकोलीला गेले आणि डब्याचे दूध घेऊन आले. बाळाने ते थोडे घेतले आणि सगळे ओकून टाकले. सकाळी कारी पुन्हा मागे सरली. तिची कास तटतटली होती. अशी भरलेली कास आणखी राहिली तर दगडासारखी होते आणि जनावर हातचे जाते. अंगणात भारी धानाच्या कापणीला निघालेल्या बायका इळे घेऊन थांबल्या होत्या. कुणी काही बोलत नव्हते, पारबताकाकूही नाहीत.

शेवंताने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. ती खांबाला टेकून, गोधडीत गुंडाळून बसली होती. आत्या तिला उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने गोधडीचे टोक नाकाशी नेले. त्या गोधडीने कितीतरी संध्याकाळी बुधीची ओली मान पुसली होती, आणि ती कधी धुतलेली नव्हती.

आत्या खाली बसली.

"शेवू, तुह्यी गोधडी देते का?"

"कायले?"

"कारीले दाखवाची आहे. हिच्यात बुधीचा वास आहे."

शेवंताने गोधडी आणखी आवळली. "तिनं ठेवून घेतली तं?"

"नाही ठेवत."

"खाल्ली तं?"

"चाटन. ओली होईन. खाल्ली तं... तं मी दुसरी शिवून देईन."

"मले दुसरी नाही पायजे."

हा क्षण आजही नीट नोंदवावासा वाटतो. आत बाळ उपाशी होते. बाहेर मजुरीच्या बायका खोळंबल्या होत्या. कोठ्यात म्हैस कळवळत होती. चार वर्षांच्या मुलीच्या अंगावरून एक फाटकी गोधडी ओढून घ्यायला कुणाही मोठ्या माणसाला एक झटका पुरला असता. त्याबद्दल गावात कुणी नाव ठेवले नसते. बाबा कारीचा दोर धरून उभे होते. ते म्हणाले, "घाई नाही, बेटा." घाई होती. ती त्या घरात यापूर्वी कधी इतकी नव्हती.

"मी धरीन," शेवंता शेवटी म्हणाली. "मी सोडन नाही."

"नोको सोडू."

ती गोधडीचे एक टोक मुठीत धरून कोठ्यात आली. दुसरे टोक आत्याने बुधीच्या पाठीवरून, मानेवरून पसरले. कारीने मान लांबवली. नाकपुड्या मोठ्या झाल्या. तिने गोधडी हुंगली, मानेपाशी हुंगली, टोकापर्यंत हुंगत आली आणि शेवंताच्या मुठीपाशी थांबली. मग त्या मुलीची मूठच चाटली. खरखरीत, लांब जिभेने, मनगटापर्यंत. शेवंता हलली नाही. कारी पुन्हा गोधडीकडे वळली, कापड बाजूला सारले आणि खालची मान चाटू लागली.

आत्या पटकन कासेखाली बसली. रिकाम्या पितळी गंजात पहिली धार पडली की तिचा आवाज टणटणीत येतो. गंज भरत गेला की मऊ होत जातो. अंगणातल्या बायकांनी तो आवाज ऐकला आणि त्या एकमेकींशी बोलू लागल्या.

शेवंताने मूठ सोडली. "बुधीच हाय," तिने बाबांना सांगितले. "फक्त पोट बदललं."

बाबा "हो" म्हणाले आणि तोंड फिरवून दोर बांधू लागले. दोर आधीच बांधलेला होता.

पुढे माझी अनेक वर्षे वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासण्यात गेली. कोण, काय, कुठे, केव्हा, हे चार प्रश्न आधी, 'का' शेवटी. त्या सकाळीला ते लावले तर पहिल्या चारांची उत्तरे सोपी आहेत. पाचवे अजून सुटलेले नाही. ज्या घराने म्हशीला रोज तणसाची वगार दाखवून फसवले, त्याच घराने एका लहान मुलीला एकदाही का फसवले नाही? तिला न सांगता तणस बदलता आले असते. ती झोपली असताना गोधडी काढून घेता आली असती. त्या घरात शिकलेले असे फक्त बाबा, तेही चौथीपर्यंत. मुलांच्या मनाचा विचार करावा असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

बाबांना त्यांच्या म्हातारपणी एकदा विचारले होते: बुधी खोटी आहे हे कारीला कळत होते का? ते विड्याचे पान पुसत म्हणाले, "समजत असन. पन चाटाले काहीतरी लागते ना रे." मग पान तोंडात गेले आणि विषय संपला.

बुधी उन्हाळ्यापर्यंत टिकली. कारी आटली, कातडे केस सोडू लागले. तेव्हा तिला घराजवळच्या बांधीत पुरले. खड्डा कुठे करायचा ते शेवंताने दाखवले. ती रडली का, याबद्दल घरात दोन मते आहेत. तिचे स्वतःचे मत असे की नाही. आज बाजारात मऊ अस्वले आणि हत्ती हवे तितके मिळतात आणि ती घेऊन झोपणाऱ्या मुलांकडे मोठे लोक कौतुकाने पाहतात. हे चांगलेच आहे. पण कौतुक करणे आणि त्या मुलाच्या शब्दासाठी कापणीच्या दिवसांत आपले काम थांबवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आमच्या वाट्याला आली. ज्यांनी ती दिली त्यांतले आता कुणी नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवायची.

भारी धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले त्या आठवड्यात मायचा ताप उतरला. पहिल्यांदा ती भिंतीला धरत सपरीत आली आणि उन्हात बसली. मांडीवर बाळ होते. शेवंता बुधीच्या पलीकडे होती. जन्मल्यापासून तिने त्या बाळाला हात लावला नव्हता, आणि लाव म्हणून तिला कुणी सांगितलेही नव्हते.

माय म्हणाली, "हे कोण वं, शेवू?"

"बुधी."

"लय सुंदर आहे."

शेवंता जरा जवळ सरकली. बाळाच्या हाताकडे पाहिले, पायाकडे पाहिले. बाळाने हवेत मूठ हलवली आणि ती बुधीच्या कानाला लागली. शेवंताने मूठ धरली, पण बाजूला केली नाही.

"हात नाही लावाचा, भाऊ," ती म्हणाली. "हाताने नाही समजत. चाट."

आणि तिने दोन्ही हातांनी बुधीचे डोके उचलून बाळाच्या तोंडापाशी नेले.

माय हसली. आधी आवाज न करता, मग आवाज करून, कूस धरून हसली. आत्या चूल सोडून धावत आली, बाबा खळ्यातून आले. ते हसणे त्या घरात कितीतरी दिवसांनी ऐकू येत होते आणि ते कशाबद्दल आहे हे विचारायचेही कुणाला सुचले नाही.